चाकं जमिनीवर टेकल्यावर

मागचा कोपरा मी दोन्ही तळहातांनी दाबला आणि सोडला.
गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर,
एकदा हो म्हणून झालं तरी मान डोलावतच राहणाऱ्या
आमच्या गावच्या पाद्रीबाबांसारखी.
"गेलेत," युसेबियो म्हणाला. एवढंच.

गेलेत हे मला मार्चपासून ठाऊक होतं.
रिकामी पळायची झकास.
पण मागे मेंढ्यांचा ट्रेलर जोडला
की ओवायहीच्या उतारावर कोण कुणाला ओढतंय कळायचं नाही.
ढुंगण बसायचं, नाक वर व्हायचं,
दिवे रस्ता सोडून थेट चांदण्या शोधायचे,
स्टिअरिंग हातात असं हलकं, जणू पुढची चाकं रजेवर गेलीत.
मी रस्त्याला बोल लावला. वाऱ्याला लावला.
एकाच अंगाला गर्दी करतात म्हणून मेंढ्यांना लावला.
बेल्ट्झा हौद्यात चढेनासा झाला
तेव्हा कुत्रा थकला, असं मी गावभर सांगितलं.

रात्री गंजक्या बोल्टांना तेल पाजून ठेवलं होतं,
तरी सकाळी हलायचं नाव नाही.
पान्याला पंपाचा चार फुटी पाइप अडकवून
आम्ही दोघं त्याला लोंबकळलो:
मी, बासष्ट वर्षांची माइटे एचेबेरी,
आणि हा, पेरूतल्या वांकायोहून करारावर आलेला मेंढपाळ,
ज्यानं घाटातल्या बसगाड्यांखाली दहा वर्षं पाठ झिजवली होती
आणि इथं तीन हिवाळे काढूनही ते कधी सांगितलं नव्हतं.
तुम्ही विचारलं नाहीत, म्हणाला.

खालचा बोल्ट किंचाळत सुटला.
वरचा तुटलाच.
मग ग्राइंडर, शेजारी पाण्याची बादली,
कारण ऑगस्टातलं सेजचं झुडूप एका ठिणगीची वाट बघत असतं.

जुना शॉकअप हातात घेतला. अंगभर काळं तेल, त्यावर धुळीचा लेप.
दाबला, आत गेला. सोडला, आतच राहिला.
नवा पट्ट्यानं जखडलेला. पट्टा कापला
तर तो सावकाश लांब होत गेला,
माझ्या हाताला न जुमानता,
दुपारची झोप झाल्यावर आळस देणाऱ्या माणसासारखा.

"आता हे पेलतील सगळं," मी म्हटलं.
युसेबियोनं मान हलवली.
"पेलतात ते स्प्रिंगचे पाटे. हा काहीच उचलत नाही.
पाटे उसळले की हा फक्त म्हणतो, बास."

बास म्हणणारी आमच्याकडे ग्राशी होती.
माझी बहीण. मार्चमध्ये बॉइसीला गेली, गुडघ्याच्या ऑपरेशनला,
आणि तिथंच रमली, लिफ्ट असलेल्या इमारतीत.
"एकवीसचा पाना," युसेबियो गाडीखालून म्हणाला.
बहुधा दुसऱ्यांदा.

नट आवळायला मी जोर लावला, तसा त्यानं माझं मनगट धरलं.
अजून नाही. आधी चाकं जमिनीवर.
हवेत आवळलं तर रबर तिथलंच वळण धरतं,
मग भार बसला की ते जन्मभर पिळवटलेलं.
जॅक उतरवला. गाडी हुंकार देऊन स्वतःच्या वजनावर बसली.
त्यानंतर उताणं होऊन, धुळीतून सरकत,
शेवटचा अर्धा आटा.

तळहातांनी दाबलं. खाली. वर. थांबली.
मी पुन्हा दाबलं, उगाच.
बेल्ट्झानं येऊन चाक हुंगलं, टांग वर केली,
आणि पायीच निघून गेला.

जुने दोन्ही युसेबियोनं रॉकेलनं पुसून नेले.
कशाला, ते याही वेळी मी विचारलं नाही.
परवा कळपाकडे गेले, तर त्याच्या वॅगनच्या दाराशी
एक आडवा पडला होता, टेकूसारखा.
डोंगरावरून वारा सुटला होता.
दार आपटत नव्हतं.